ठो नाही, नुसतं टक!

आमच्या बालाघाटच्या नेमबाजी क्लबात गोळ्या कमी सुटतात आणि किस्से जास्त. याला कारण क्लबाचं एकुलतं एक पॉइंट टू-टू पिस्तूल. गेल्या पावसाळ्यापासून ते मनात आलं की ठो म्हणायचं, नाहीतर नुसतं टक. प्रत्येक टकवरून एक वाद, आणि प्रत्येक वादातून एक किस्सा. माझं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक बसलं की मी यातला एखादा काढतो. काही जण तर चष्मा तयार झाला तरी उठत नाहीत!

मंडळी थोडीच. सेक्रेटरी मी. बिसेन सर म्हणजे रिटायर्ड पीटी मास्तर. मेश्राम काकांनी तिरोडीकडच्या मँगनीजच्या खाणीत जन्मभर सुरुंग उडवले, आता ते आमचे रेंज ऑफिसर. आणि प्रणाली, हट्ट्याहून बसने येणारी बीएस्सीची पोरगी. ज्युनिअर गटात खेळायचं तिचं हे शेवटचं वर्ष. हिवाळ्यात भोपाळला राज्याच्या टीमची ट्रायल, आणि हातात हे असलं पिस्तूल! त्यापायी तिची ट्रायल गेली तर तिच्या आईबापाला काय सांगायचं, ही काळजी मला आतून खात होती.

*

पहिलं टक प्रणालीच्याच हातात झालं. तिने ट्रिगर दाबला, टक वाजलं आणि पुढे काही नाही. बिसेन सर बघायला सरसावले, तोच काका ओरडले, "हालू नोका कोनी!"

गोळी उडाली नाही तर नळी टार्गेटकडेच धरून थांबायचं असतं, कारण कधीकधी ती उशिरा उडते. अर्धा मिनिट पुरे. पण काकांच्या अंगात खाणीचा नियम भिनलेला. तिथे सुरुंग उडाला नाही तर अर्धा तास कोणी त्या बाजूला फिरकायचं नाही. काकांनी घड्याळ काढलं आणि आम्हाला चक्क अर्धा तास उभं केलं! पिस्तूल टेबलावर, नळी टार्गेटकडे, आणि आम्ही चौघं मागे चिडीचूप.

"काका, माही बस गेली ना!" प्रणाली रडकुंडीला आली.

"बस दुसरी येते पोरी. बोट दुसरं येत नाही!"

त्या दिवशी मी तिला स्कूटरवरून हट्ट्याला सोडून आलो.

*

बिसेन सरांचं निदान पक्कं होतं. "ये सीलन है भाई, सीलन! पाऊस पाहून राह्यले ना? माल ओला झाला."

त्यांच्या सुनेने भिजलेला मोबाइल तांदळात ठेवून वाचवला होता. तोच इलाज इथे! सरांनी घरून डबाभर तांदूळ आणले, तेही वासाचे चिन्नोर. काडतुसं त्यात पुरून डबा क्लबाच्या लोखंडी कपाटात बंद केला. चार दिवसांनी मोठ्या थाटात काढला. प्रणालीने गोळी भरली, नेम धरला.

टक!

काकांनी अर्धा मिनिट थांबून पिस्तूल उघडलं. एवढी सुधारणा त्यांच्यात झाली होती. गोळीला मेणाचा हात असतो. त्या मेणाला चिकटून तांदळाची एक कणी आत गेली होती आणि तिच्यामुळे काडतूस पूर्ण बसलंच नव्हतं.

बिसेन सरांनी ती कणी चिमटीत धरून नाकाशी नेली. "देखो, अजून खुशबू आहे!"

*

मग मी दुकानातलं भिंग आणलं.

या काडतुसात ठिणगीचा मसाला बुडाच्या मधोमध नसतो, कडेच्या घडीत भरलेला असतो. म्हणून पिस्तुलाची पिन कडेवर आपटते. मी उडालेल्या आणि न उडालेल्या काडतुसांचे ठसे शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि मला त्याचं वेडच लागलं. उडालेल्यांवर ठसा खोल. न उडालेल्यांवर नखाने दाबल्यासारखा. तीच पिन, तोच चाप, मग एकदा जोर का आणि एकदा का नाही? दुकानात गिऱ्हाईक फळ्यावरची अक्षरं वाचायचं आणि मला ठसे दिसायचे.

"काहो डॉक्टर, का म्हनते पेशंट?" काकांनी विचारलं. डोळे तपासतो म्हणून मी त्यांचा डॉक्टर.

"काका, पिनचं टोक झिजलंय. तिची नजर कमजोर झाली."

"मंग बसला काहून? लाव तिले चष्मा!"

नवीन पिन मागवली. येते येते म्हणत ती काही येईना.

*

तोवर काकांनी पिस्तूल पूर्ण खोललं. बघतो तर पिनच्या भोकात काळं, चिकट तेल! पिन त्यात अक्षरशः रुतली होती. ती कधी जोरात का जायची आणि कधी का नाही, ते आता कळलं.

"कोनं टाकलं हे?" काकांनी सगळ्यांवर नजर फिरवली.

बिसेन सर छताकडे बघत म्हणाले, "शिलाई मशीनचं. बस दो बूंद, रोज." मी चष्म्याच्या बिजागरीचं टाकत होतो, तेही कबूल केलं. मग काकाच खाकरले. "मी बी टाकत होतो. रविवार रविवार."

प्रणाली मान खाली घालून उभी होती.

"तू बी?"

"हौ. मले वाटलं, कोनीच नाही टाकून राह्यलं!"

सगळं पुसून काढल्यावर टक कमी झालं. पण टोक झिजलेलंच होतं, त्यामुळे दिवसातून दोन-तीनदा तरी व्हायचंच.

*

एका सकाळी काकांना वेगळीच शंका आली. "डॉक्टर, पिस्तूल त बिघडलंच. पन त्याच्या संगतीनं पोरीचा हात त नाही बिघडला?"

खात्री करायची एक जुनी रीत आहे. दुसऱ्याने पाठ करून पिस्तूल भरायचं, कधी खरी गोळी, कधी रिकामी पुंगळी. नेमबाजाला पत्ता नसतो. पुंगळीवर टक होतं तेव्हा, आवाजाच्या धास्तीने हात आधीच झुकत असेल तर तो सगळ्यांना दिसतो.

पहिले बिसेन सर. टक झालं आणि नळी थेट जमिनीला सलाम करून आली! मग मी. माझी त्यांच्याहून खाली. सर खूप हसले.

मग प्रणाली. टक. नळी जागच्या जागी. काकांनी पुन्हा पुंगळी भरली. टक. पुन्हा तेच. चार वेळा केलं. केसभर हलली नाही.

काकांनी चष्मा काढून पुसला. "पोरी, तुले मालूम होतं का, खाली आहे म्हनून?"

"नाही काका. मले त कधीच मालूम नसते!"



*

नवीन पिन आली ती भोपाळला निघायच्या आदल्या दिवशी. काकांनी ती बसवली, तीस गोळ्या मारून पाहिल्या, तीसही ठो. माझा जीव भांड्यात पडला. भोपाळला मी आणि काका तिच्यासोबत गेलो.

ट्रायल मस्त चालली होती. शेवटची पाच गोळ्यांची मालिका, चौथी गोळी.

टक!

आता हिने घाबरून स्वतः पिस्तूल उघडलं तर ती मालिका हातची जाणार, नियमच तसा. पण प्रणालीने नळी टार्गेटवर तशीच ठेवली, डावा हात वर केला आणि उभी राहिली. ना मागे बघितलं, ना खांदा हलवला. काका माझ्या शेजारी पुटपुटत सेकंद मोजत होते. अधिकारी आले, त्यांनी पिस्तूल उघडलं. ठसा खोल आणि जागच्या जागी. दोष काडतुसाचा! तिला मालिका परत मारायला मिळाली आणि संध्याकाळी टीमच्या यादीत तिचं नाव लागलं. काका भिंतीकडे तोंड करून बराच वेळ नाक पुसत होते. माझीही गत वेगळी नव्हती.

तिथे मोठ्या शहराच्या क्लबाचे एक कोच होते. टक झालं तेव्हा ते तिच्या बाजूलाच उभे होते. त्यांनी तिला गाठलं. "बेटा, नली हिली तक नहीं! ये कौन-सी ड्रिल है?"

"ड्रिल कुछ नहीं सर. हमारी पिन घिसी हुई थी. चलेगी कि नहीं, पता ही नहीं रहता था."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

आठ दिवसांनी दुकानात फोन आला. काका समोरच चहा पीत होते, म्हणून मी स्पीकर लावला. तेच कोच. इकडचं तिकडचं बोलून झालं, मग जरा अडखळत म्हणाले, "सर, वो जो पुरानी पिन निकाली थी, फेंकी तो नहीं ना? हमारे बच्चों के लिए चाहिए थी."

मी काकांकडे पाहिलं. काकांनी कप खाली ठेवला आणि शर्टाच्या खिशावर हात दाबला.

"देत नाही म्हनाव त्याले!"