वीस फुटांची पट्टी

दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी कोकणातून कोल्हारला आलो. शाळा आठवीतच सुटलेली. दुकानांच्या पाट्या रंगवायचो, तेवढ्या हातावर साखर कारखान्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका वर्कशॉपात तिथल्या ड्राफ्ट्समन अण्णांनी मला ट्रेसिंगला घेतलं. ड्रॉइंगवर पातळ कागद अंथरायचा आणि शाईने जसंच्या तसं उतरवायचं. ‘महिनाभर बघू,’ असं ते म्हणाले होते. जमलं तर खोली घेऊन बायकोला आणायचं, नाहीतर परतीची एस.टी. त्या उपकाराखाली मी इतका दबलो होतो की शिंक आली तरी आधी अण्णांकडे बघायचो.

महिना संपत आला आणि ऊस वाहणाऱ्या कॅरियरच्या लांब पट्टीचं ड्रॉइंग माझ्याकडे आलं. दोन्ही टोकांना भोकं, मधे मात्र पट्टी तुटलेली. दोन वेड्यावाकड्या रेघा, त्यांच्यात मोकळी जागा. माप लिहिलेलं वीस फूट. मला वाटलं, अण्णांना कागद पुरला नसणार. उपकार फेडायला याहून बरी वेळ कोणती? कागदाला कागद जोडत मी पट्टी पुरी केली. ती टेबलावरून उतरून शेजारच्या स्टुलाखाली गेली.

स्टुलावर राहुरीकडचा जुना ट्रेसर बसायचा. त्याने पाय वर घेतले.

“पाव्हणं, ड्रॉइंग हाय का सतरंजी? पंगत बसवायची का हिच्यावर?”

अण्णा आले. एका टोकाशी थांबले, मग चालत दुसऱ्या टोकाला गेले.

“मधे काय आहे रे?”

“काही नाही, अण्णा. नुसती पट्टी.”

“मग ती कशाला काढायची? सारखंच असलेलं मधलं गाळायचं, माप पुरं लिहायचं. फिटर माप वाचतो, कागद मोजत बसत नाही. घे नवा कागद. आणि तुटीची रेघ नुसत्या हाताने काढ.”

एस.टी. डोळ्यांपुढे उभी राहिली. हात असा कापत होता की रेघ आपोआप नागमोडी गेली.

शेजारचा ट्रेसर वाकून बघू लागला. “अण्णा, लई झ्याक! आमची मेली सरळच जाती.”

अण्णांनी चष्मा वर सरकवला. “छान आली. आता बाकीच्या रेघांना घाबरू नकोस, त्या सरळ लागतात. आणि खोली बघून ठेव.”

“आमच्या आळीत हाय की! पन वहिनींना पुरं आना, मधलं गाळू नगा.”

संध्याकाळी त्यानेच मला सायकलवर डबलसीट नेलं. चुलीला जागा आहे ना, एवढंच मी वाटभर विचारत होतो.