रांगेतला पुढचा नंबर

फोनताईचा पाय एका जागी ठरत नसे. मूळपेशी द्यायला तयार असलेल्या लोकांच्या नोंदणी कार्यालयात तिने एकोणीस वर्षं काढली, त्यातली निम्मी तरी टेबल आणि खिडकी यांच्यामध्ये येरझाऱ्या घालण्यात. रक्ताचा आजार झालेल्या कुणाशी एखाद्या परक्या माणसाच्या पेशी जुळल्या, की त्या माणसाला फोन लावायचा, हे तिचं काम. "अहो, घाबरू नका, किडनी मागत नाहीये," ही तिची सुरुवात. अर्धे लोक तिथेच फोन ठेवत. काहींच्या बायका मागून विचारत, "कोण आहे ही?"

यंदा एका एकतीस वर्षांच्या बाईसाठी अख्ख्या यादीत एकच माणूस जुळला. बाईचं नाव ताईला कळायचं नव्हतं, नियमच तसा. डॉक्टरांनी एवढंच कळवलं होतं, की आजार सध्या दबलाय, चार आठवडे दबून राहील, पुढचं सांगता येत नाही. जुळलेला माणूस पाववाला होता. पहिल्याच रिंगला त्याने फोन उचलला आणि दुसऱ्या दिवशी पिठाच्या हातांनीच खात्रीच्या तपासणीला हजर झाला. ताईचा जीव भांड्यात पडला.

नऊ दिवसांनी अहवाल आला. पेशींच्या दहा खुणांपैकी फक्त तीन जुळत होत्या.

"हा तो माणूसच नाही," प्रयोगशाळेतले काका म्हणाले. "कुठेतरी घोळ झालाय."

पाववाल्याने नाव नोंदवलं होतं त्या, चार वर्षांपूर्वीच्या शिबिराचे अर्ज ताईने काढले. शाळेच्या हॉलमध्ये रांग लागली होती. लोक कापसाची काडी गालात फिरवून पाकिटात टाकत होते. आणि पाकिटांवर नंबरांच्या चिकटपट्ट्या लावायला कोण बसलं होतं? ताईच. बसली कसली, उभीच होती, आणि एका वेळी दोन पाकिटं उरकायची तिची जुनी खोड.

ती तडक साहेबांकडे गेली. "चूक माझी असणार, शेजारच्या दोन पाकिटांच्या पट्ट्या अदलाबदल झाल्या असतील. रांगेतल्या पुढच्या नंबरवाल्याचं रक्त तपासू या."

"असणार म्हणजे? खात्री आहे?"

"नाही. पण दुसरं आहे कोण?"

त्या नंबरवाल्याचा फोन बंद, अर्जावरचा पत्ताही जुना. शेवटी ताईने पाववाल्यालाच विचारलं, रांगेत मागे कोण होतं, आठवतंय का?

"आठवायचंय काय त्यात? माझा मेहुणा. भांडण झाल्यापासून अडीच वर्षं बोलत नाही आम्ही. त्याने फोन नंबरसुद्धा बदलला." मग तो म्हणाला, "म्हणजे माझं चालत नाही, आणि त्या नगाचं चालतं? चला, मीच येतो."

मेहुण्याच्या सायकलदुरुस्तीच्या दुकानाबाहेर पाववाला बराच वेळ घुटमळला. ताईने आत जाऊन सगळं सांगून टाकल्यावर तो दारातूनच मेहुण्याला म्हणाला, "हे बघ, भांडण आपलं. त्या बाईने आपलं काय घोडं मारलंय?"

मेहुण्याने पाना खाली ठेवला. "दाजी, आत या की सरळ. रक्तच ना? देतो."

पुढचे सहा दिवस ताईने सगळ्यांना सळो की पळो करून सोडलं. काकांनी तर प्रयोगशाळेला आतून कडी लावली. सातव्या दिवशी तेच कडी काढून बाहेर आले. दहापैकी दहा! रुग्णालयाने लगेच तारीख दिली. साहेबांनी सगळ्यांना चहा मागवला.

ताईचा चहा तसाच राहिला. पट्ट्यांची अदलाबदल झाली होती, म्हणजे मेहुण्याच्या नंबराखाली चार वर्षं पाववाल्याच्या पेशी नोंदलेल्या होत्या. तिने तो नंबर उघडला. दोन वर्षांपूर्वीची एक नोंद होती. सात वर्षांची मुलगी, हाच एक नंबर जुळतो. खाली ताईचंच अक्षर: तीनदा फोन केला, बंद. त्याखाली साहेबांची सही: रुग्ण दगावली, शोध थांबवला.

म्हणजे त्या मुलीशी पाववाला जुळत होता. तेवढ्यात पाववाल्याचा फोन आला.

"जमलं म्हणे मेहुण्याचं! बरं झालं बघा. पण ताई, माझ्याही पेशी कधी कुणाला लागल्या तर हाक मारा हं. मी काय, फोन वाजला की आलोच."

त्याला खरं सांगायला हवं होतं. ताई फोन कानाला लावून टेबलापासून खिडकीपर्यंत गेली, परत आली.

"ताई?" तो विचारत होता. "ऐकू येतंय ना?"