उसाच्या चार सऱ्या

बांधावरून एकदाही न भांडलेला माणूस कळंबच्या शिवारात सापडणार नाही. पण त्या भांडणाची मनापासून हौस असलेला माणूस म्हणजे आमचे थोरले मामा. सकाळच्या चहाआधी ते पावलांनी हद्द मोजून येणार. सरकारी मोजणीवाल्यासाठी ओसरीवर खुर्ची कायमची मांडलेली. त्यांच्या आणि चुलतभाऊ आबांच्या उसांमधून शाळेची वाट जाते. ती कोणाच्या हद्दीत, यावरून दोघांचा नऊ वर्षं अबोला. उसाच्या दर लागणीला दोघंही हट्टाने एकेक सरी वाटेकडे सरकवत गेले, आणि शेवटी वाट इतकीच उरली की सायकलचं हँडल दोन्हीकडच्या पात्यांना घासायचं.

त्यातच त्या उसात बिबट्या दिसला. शेजारच्या आठवीतल्या कोमलला तिच्या वडिलांनी ऊस तुटेपर्यंत घरी बसवलं. एकदा घरी बसलेली पोरगी पुन्हा शाळेत जातेच असं नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मामांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मोजणीचे कागद तीच वाचून दाखवायची. त्या दिवशी कागदाची घडी करून म्हणाली, "आजोबा, वाघाला जागा तुमीच केलीय."

मग मामांनी आक्रीतच केलं. त्यांनी तिची गुलाबी सायकल मागून घेतली आणि सत्तरीतला हा गडी तिच्या उंचीइतका वाकून, धोतर सावरत त्या वाटेने गेला. मी मागोमाग. परत येऊन म्हणाले, "मी वाघ असतो तर हितंच बसलो असतो. काय बी दिसत न्हाई राव."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या बाजूच्या चार सऱ्यांचा उभा ऊस तोडला. पण पलीकडे आबांचा ऊस तसाच, मग उपयोग काय? संध्याकाळी मामा नऊ वर्षांनी आबांच्या अंगणात गेले. मीही सोबत होतो.

"वाट तुझी, आबा. चार सऱ्या तेवढ्या मागं घे."

"लिहून दे, दादा," आबा म्हणाले. शेवटी रक्त एकच, कागदाचा सोस दोघांनाही.

कागद कोमलनेच लिहिला. सही करण्याआधी मामांनी तो तिच्याकडून दोनदा वाचून घेतला. खोटं कशाला सांगू, मलाही वाईट वाटलं. आबांनी मात्र शब्द पाळला.

आता कोमल आणि तिच्या दोन मैत्रिणी रोज सायकलवर जातात. मामा बांधावर उभे राहून बघतात. पूर्वी ती पहिल्याच वळणाला दिसेनाशी व्हायची. आता पार ओढ्यापर्यंत दिसते.

"लई लांब जाती पोर," म्हणतात, आणि बराच वेळ तिथंच उभे असतात.