मेधाने सांगितलेलं युद्ध

लॉकडाऊनमध्ये आमच्या घरात दोनच गोष्टींचा ढीग झाला, टॉयलेट पेपर आणि किस्से. पेपर संपला. किस्से अजून पुरतायत, आणि त्यातले बरेचसे आमच्या शनिवारच्या झूमवरच्या पिक्चर-क्लबातले आहेत.

आम्ही चौघंच. सिडनीत मी, गिरावीनचा संजय आणि मूळचा वसईचा विल्सन. मेलबर्नकडे वेरिबीला मेधा. मेधा पुण्यात जर्मन शिकलेली, म्हणून तिने निवडलेला पिक्चरही जर्मन. बोलपट नुकते सुरू झाले तेव्हाचा, बर्फाच्या डोंगरावरच्या लढाईचा. सबटायटल्स नव्हती. ती स्क्रीन शेअर करायची, पॉज करायची आणि मराठीत सांगायची. दीड तासाचा पिक्चर चार शनिवार चालला!

*

आवाज नवानवा मिळाल्यामुळे असेल, पहिली दहा मिनिटं नुसत्या तोफा. मेधाचा स्पीकर फुल! कुंपणापलीकडून शेजारी ओरडला, "एव्हरीथिंग ओके, मेट?"

मेधाचा नवरा अंगणातून म्हणाला, "नो वरीज! ओन्ली वर्ल्ड वॉर!"

*

दुसऱ्या शनिवारी कॅप्टन तीन मिनिटं हातवारे करत बोलला. आम्ही कान टवकारून बसलो.

मेधा म्हणाली, "रजा नाही."

मी खो खो हसलो. संजय हसला नाही. त्याची आई सांगलीत हॉस्पिटलमध्ये होती, आणि तेव्हा ऑस्ट्रेलियाबाहेर जायला लागणारी सरकारी परवानगी त्याला दोनदा नाकारली होती. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

*

शिखरावरची तुकडी उतरतच नव्हती, कारण उतरा असा हुकूम नव्हता. विल्सन केलीव्हिलच्या नव्या घरातून म्हणाला, "आपलंच चाललंय की रे! नोकरी आहे, घर आहे, व्ह्यू आहे. फक्त खाली उतरायचं नाही!"

त्या डोंगरावर चढायला रांग आपणच लावली होती, हे मात्र कोणी बोललं नाही.

*

परवानगीसाठी डॉक्टरांचं पत्र लागायचं, आई किती गंभीर आहे ते लिहिलेलं. सांगलीच्या डॉक्टरांनी दोन्ही वेळा लिहून दिलं, "पेशंट स्टेबल, काळजीचं कारण नाही." काळजी नाही, तर जायचं कशाला? अर्ज बाद!

शेवटी संजयने फोन केला, "डॉक्टर, जरा वाईट लिहा ना." बोलला आणि स्वतःच रडायला लागला.

डॉक्टर म्हणाले, "अहो, तुमच्या आईंनीच बजावलंय, पोराला घाबरवू नका म्हणून."

तिसरा अर्ज गेला. त्याचं उत्तर यायचं होतं.

*

चौथा शनिवार. शिखरावर टपाल येतं. एका अडाणी शिपायाला त्याचं पत्र कॅप्टन मोठ्याने वाचून दाखवतो. मेधा नेहमीसारखी पॉज करेना.

"मेधा, काय लिहिलंय?" विल्सनने विचारलं.

"घरून आलंय. आई बरी आहे म्हणे. लोणचं पाठवतेय."

स्क्रीनवर तो शिपाई हमसून हमसून रडत होता. लोणच्यासाठी एवढं कोणी रडत नाही, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

संजयने म्यूट काढला. "मेधा, माझी आज पहाटे गेली. तू खरं वाच."

मेधाने पिक्चर मागे नेला आणि पत्र पहिल्यापासून वाचलं.