मुका कॉम्प्युटर आणि दाराजवळची खाट

आंधळ्या माणसाचा कॉम्प्युटर बिघडला की पंखा घरघरत राहतो, कळा दाबल्या जातात आणि समोरून कुणी बोलत नाही. मे महिन्यातल्या त्या दुपारी मी बटण दाबलं, पण सुरू होतानाची नेहमीची धून आली नाही.

मी जळगावच्या एका कॉलेजात इतिहास शिकवतो. डोळे गेले ते नोकरी लागल्यानंतर. त्यानंतरची दोन वर्षं मी दादाच्या घरी, जिथे अजूनही राहतो, दाराजवळच्या लोखंडी खाटेवर बसून काढली. येणारे-जाणारे माझ्यासमोरच दादाला विचारायचे, "नीट जेवतो का?" जसे काही माझे कानही गेले होते. मग नाशिकला जाऊन पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर शिकलो, हा कॉम्प्युटर घेतला आणि पुन्हा वर्गात उभा राहिलो. त्याची सिस्टिम आता इतकी जुनी झालीय की बनवणाऱ्यांनीही तिच्याकडे पाठ फिरवलीय. दुरुस्तीवाले नाव ऐकून हसतात. पण माझ्या सवयीचा मराठी आवाज फक्त तिच्यावरच चालतो, आणि माझ्या नोट्स मी त्याच्याच तोंडून ऐकतो. तो गेला तर जूनमध्ये मी वर्गात नाही, खाटेवर. मला दुसरं काही सुचतच नव्हतं.

आवाजाचा ड्रायव्हर, म्हणजे स्पीकर चालवणारा प्रोग्रॅम, अडकला असणार, असं मी ठरवून टाकलं. तो काढायचा, मशीन पुन्हा सुरू करायचं, की आपोआप बसतो. कोणत्या कळा दाबायच्या ते मला पाठ होतं. खाली, खाली, उजवीकडे, डिलीट, एंटर. शहाणपणा नडला. मशीन सुरू झालं आणि मुकंच राहिलं. आता तर मी नक्की काय काढून टाकलं तेही कळायला मार्ग नव्हता. पडद्यावर एखादा प्रश्न उभा असेल, माझं बोट चुकीच्या कळेवर पडेल आणि वर्षानुवर्षांच्या नोट्स जातील. मी हात मांडीवर ठेवले.  भीती वाटत होती आणि त्या भीतीचाच राग येत होता. मी कॉम्प्युटरला शिव्या दिल्या, चांगल्या मोठ्यानं.

तेवढ्यात मागे बांगडी वाजली. मी एवढा दचकलो की कीबोर्ड खाली पडला.

"कोन शे?"

"मी शे, भाऊ."

वहिनी. दादाची बायको, पिंपळनेरकडची; घरात आम्ही अहिराणीच बोलतो. कधीपासून उभ्या होत्या देव जाणे. एरवी मी चिडलो असतो, पण त्या घडीला मला कुणाचे तरी डोळे हवे होते. मी त्यांना पडद्यापुढे बसवलं. वहिनी सातवी शिकलेल्या, इंग्रजी एकेक अक्षर लावून वाचतात. मी उघडायला सांगितलेल्या, कॉम्प्युटरच्या भागांच्या यादीत त्यांना आवाजाच्या ओळीपाशी एक पिवळं चिन्ह दिसलं. म्हणजे निदान काढलं होतं ते आवाजाचंच. कपाटातून कॉम्प्युटरसोबत आलेली सीडी काढली, ती घातली आणि ड्रायव्हर बसवायला घेतला. मध्येच त्या थांबल्या.

"भाऊ, आठे मोठा अक्षरमा स्टॉप लिखेल शे. मी काही दाबस नही बरं."

जुनी सिस्टिम अनोळखी ड्रायव्हरबद्दल अशी धमकी देते, हे मला ठाऊक होतं.  त्याच्या शेजारचं बटण दाबा, मी म्हणालो. त्यांनी देवाचं नाव घेऊन दाबलं. मशीन पुन्हा सुरू झालं.  धून आली नाही.

मी सीडी काढून पाकिटात परत घातली. 

"पिवळं चिन्ह ते गयं," वहिनी हळूच म्हणाल्या. मग आणखी हळू, "भाऊ, सकायले धूय पुसाले मी मांगनी वायर काढेल व्हती. परत लायी, पन कोनता भोकमा लायी ते याद नही."

कॉम्प्युटरच्या मागे तीन भोकं असतात, हिरवं, गुलाबी, निळं. स्पीकरची वायर हिरव्यात हवी; वहिनींनी वाकून पाहिलं तर ती गुलाबीत होती. त्यांनी ती हिरव्यात घातली, आणि माझा तो सवयीचा मराठी आवाज पडद्यावरचं काहीतरी वाचत वाक्याच्या मधूनच बोलायला लागला. मी टेबलावर डोकं टेकलं.

"मग आधी काब्र नही सांगं?" मी विचारलं.

"तुम्हले सांगाले भ्याव वाटनं. हाई मशीन बंद पडनं ते तुम्ही परत त्या खाटवरना दिवससारखा बसी जाशात, असं वाटनं माले."

म्हणजे मी कळा दाबत होतो आणि त्या माझ्या पाठीशी उभ्या राहून, मला वाटत होती तीच भीती बाळगत होत्या. खाटेबद्दल मी घरात कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

"वहिनी, ती खाट काढी टाका तठून," मी म्हणालो.

"कोनती खाट? ती ते मी कवयच भंगारमा दी टाकी. तुम्ही नाशिकथून शिकी उनात ना, त्याच आठवडामा."

 रोज घराबाहेर पडताना मी दारापाशी खाट चुकवायला डावीकडून वळसा घेतो. इतकी वर्षं घेतोय. खाटेच्या बाजूला कधी हात लावला नाही, काठीही लावली नाही.

"मग मी वळसा घेस ते कोनी सांगं नही?"

"माले वाटे, तुम्ही दारबाहेरनी तुयशीनी कुंडीले चुकाडतस."

संध्याकाळी फिरायला निघालो. दारापाशी आल्यावर वळलो नाही, सरळ खाटेच्या जागेत शिरलो. हात पुढे धरून, गुडघ्याला लोखंड लागेल या भीतीनं एकेक पाऊल टाकत गेलो. गुडघ्याला काहीच लागलं नाही. हाताला भिंत लागली, दिवसभराच्या उन्हानं तापलेली.