जिभेखालची गोळी

परवा डॉक्टरांनी व्हिटॅमिनची गोळी दिली. "जिभेखाली ठेवा, गिळू नका," म्हणाले. तिची गोडसर चव तोंडात पसरली आणि मला कुरुळीच्या घराच्या ओट्यावर बसलेले माझे वडील, अण्णा, दिसले.

त्या दुपारी त्यांच्या छातीत कळ आली होती. मी घाईघाईने त्यांच्या जिभेखाली गोळी सरकवली. त्यांचा घामेजलेला हात माझ्या हातात होता.

"पोरी, तुला एक सांगायचं हाय..."

"अण्णा, बोलू नका. आधी विरघळू द्या."

पलीकडच्या कंपनीचा भोंगा वाजला. हळूहळू कळ ओसरली.

"काय सांगत होतात?"

"काय न्हाई गं. ऱ्हाऊ दे," ते हसून म्हणाले.

मी चहा ठेवायला आत गेले. त्यानंतर अण्णा दोन वर्षं होते, पण मी पुन्हा विचारलंच नाही. आता वाटतं, चहा जरा उशिरा ठेवला असता तरी चाललं असतं.