नामदेवभाऊंचं सुकाणू

नामदेवभाऊ शेंडे नवा सर्वो आणला की आधी त्याच्याशी पंजा लढवायचे. सर्वो म्हणजे बोटीचं सुकाणू फिरवणारी, काडेपेटीपेक्षा लहान डबी, तिच्या डोक्यावर पांढरी प्लास्टिकची पट्टी. वीज दिली की पट्टी मधोमध येऊन उभी राहायची. भाऊ करंगळीने तिला ढकलायचे, आणि ती कुरकुरत बोटाला उलटा रेटा द्यायची. भाऊ खूश. "जागा सोडत नाई," म्हणायचे, "चांगला आहे."

सावली गावात त्यांचं मोटर-वायंडिंगचं दुकान होतं. धानाच्या हंगामात जळालेल्या पंपांची दारात ही रांग, आणि भाऊ मात्र आत बसून हातभर लांबीच्या पत्र्याच्या बोटीला सुकाणू जोडतायत! मी शाळेत विज्ञान शिकवते. प्रयोगशाळेचा पंखा दुरुस्तीला घेऊन गेले ती पंखा विसरून बोटीपाशीच अडकले. त्यानंतरचे जवळजवळ सगळे रविवार आमचे तलावावर गेले. भाऊ रिमोट धरायचे आणि मी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर बसून फुकटचे सल्ले द्यायचे.

एकदा त्यांना वर्गात बोलावलं. आले, "जय भीम" म्हणाले, आणि फळ्याकडे पाठ करून एका मुलीच्या डोळ्यांवर रुमाल बांधला. भिंतीवर खडूची खूण केली आणि तिला हात तिथे न्यायला सांगितलं. दुसरी मुलगी मागून सांगणार, अजून वर, अजून, बस, जरा खाली. हात खुणेवर आला. "ही डोळे बांधलेली म्हणजे मोटर," भाऊ म्हणाले. "तिले फिरनंच माहीत. थांबाव कुठी, ते तिले माहीत नाई." मग सर्वो उघडून दाखवला. इवलीशी मोटर, चार दातेरी चाकं, आणि पट्टीच्या दांड्यालाच जोडलेली रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखी एक चकती. पट्टी आत्ता कुठे आहे ते ही चकती सांगते. कुठे असायला हवी ते रिमोट सांगतो, सेकंदाला पन्नासदा. दोन्हींत फरक असेल तोवर मोटर फिरते, फरक मिटला की थांबते. माझ्या पंधरा वर्षांच्या नोकरीत एवढं सोपं मला कधी सांगता आलं नव्हतं, आणि याचा मला थोडा रागही आला.

मग एका हिवाळ्यात बोट वाकडी चालायला लागली. आमच्या तलावात शिंगाड्याचे वेल. त्यांच्या मधून पाण्याची एक अरुंद वाट पलीकडच्या काठापर्यंत जायची. त्या वाटेने बोट नेऊन परत आणायची, हीच भाऊंची रविवारची मिजास. आता बोट शेपूट हलवत जायची आणि वेलात गुंतायची. भाऊ गुडघाभर पाण्यात उतरून ती काढून आणायचे. सर्वो खराब निघाला म्हणाले. दुसरा आणला. मग तिसरा.

तिसरा मी घरी नेऊन तपासला. ठणठणीत होता. पुढच्या रविवारी मी बोटीकडे न बघता भाऊंकडे बघितलं. रिमोटच्या दांडीवरचा त्यांचा अंगठा थरथरत होता. बिचारा सर्वो ती प्रत्येक थरथर इमानाने सुकाणूपर्यंत पोचवत होता.

सुमनबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्यांना चंद्रपूरला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. कंपवात निघाला. वायंडिंगची बारीक तार हातात तुटायला लागली, तेव्हा दुकानातलं ते काम भाऊंनी सोडलं. उरली ती बोट. तीही माळ्यावर ठेवायची भाषा त्यांनी सुरू केली.

मी शहाणपणा केला. त्या रिमोटच्या सेटिंगमध्ये एक सोय होती. दांडी मधल्या जागेपासून थोडीफार हलली तर ती हालचाल मोजायचीच नाही, असं त्याला सांगता येत होतं. किती हलेपर्यंत, तो आकडा आपण ठरवायचा. मी वीस लावला आणि गप्प बसले. रविवारी बोट वेलांमधून सरळ गेली नि सरळ आली. भाऊंचा चेहरा असा फुलला की मला स्वतःची पाठ थोपटावीशी वाटली.

दोन आठवड्यांनी त्यांनी काठावर बोट मांडीवर घेतली. एका हाताने सुकाणू चाचपत दुसऱ्या हाताने दांडी जराशी हलवली. सुकाणू ढिम्म. परत हलवली.

"बाई, तुमी ह्याचे कान बंद केले."

मी वीसचा आकडा कबूल केला.

"मले इचाराले पाह्यजे होतं. हात माहा आहे."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. त्यांनी ते सेटिंग कुठे आहे ते दाखवायला लावलं, आणि माझ्याकडूनच तो आकडा शून्यावर आणून घेतला. त्या दिवशी बोट पुन्हा शेपूट हलवत गेली, दोनदा गुंतली, दोनदा भाऊ पाण्यात उतरले. परतताना मात्र, "चहा घेऊन जा," एवढं म्हणाले. मी घेतला.

पुढे नवल झालं. दर रविवारी बोट जरा जरा सरळ जायला लागली. पावसाळ्यापर्यंत तर पहिल्यासारखी. मी म्हटलं, भाऊ, हात सुधारला हो तुमचा! ते हसले. "औषध लागू पडून राह्यलं," म्हणाले. मी घरी येऊन आनंदाने सगळ्यांना सांगितलं.

दिवाळीनंतर भाऊ गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपल्यावर सुमनबाईंनी बोट आणि रिमोट माझ्या हातात ठेवला. मी म्हटलं, शेवटी शेवटी हात किती बरा झाला होता ना.

"कायचा बरा, बाई? घास तोंडात जात नव्हता. मी भरवत होती."

घरी येऊन मी रिमोट सुरू केला आणि ते सेटिंग उघडलं. आकडा बेचाळीस होता.